मुकुल धामणकरच्या सतारीला आस नाही

बनारसमध्ये वाजवण्या-गाण्याचं नुसतं नाव काढा, समोरचा पहिला प्रश्न टाकतो, "किसके शिष्य हो?" मग तो पानवाला असो, नावाडी असो, नाहीतर कचेरीतला बडा बाबू. काय वाजवता, किती वर्षं वाजवता, बरं वाजवता की लोकांचे कान किटवता, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आधी कुणाचे ते सांगा. मुकुल धामणकरला हा प्रश्न आयुष्यभर झोंबला, कारण सत्तेचाळिसाव्या वर्षीसुद्धा त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. "बस, ऐसे ही, सुन-सुन के," असं तो पुटपुटायचा आणि विषय बदलायचा.

मुकुल दुर्गाघाटावरचा. घरातली भिक्षुकी त्याच्या वडिलांनीच सोडून पोस्टात नोकरी धरली होती आणि हा रेल्वेच्या सिग्नल विभागात चिकटला. रोज स्कूटरवरून पूल ओलांडून मुगलसरायला जायचं, रिले तपासायचे, वायरी जोडायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं. त्या स्टेशनाचं नाव बदलून वर्षं झाली, पण मुकुलच्या तोंडातून मुगलसराय गेलं नाही.

विशीत तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. शिकवलं कुणीच नव्हतं. कॅसेट मागे-पुढे करून सगळं उचललेलं. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, गिटार राहिली आणि गिटारीबरोबर पेडलांचं खूळ राहिलं. पेडल म्हणजे पायाने दाबायची एक लहानशी डबी. गिटारीचा आवाज वायरीतून तिच्यात जातो आणि बदलून बाहेर पडतो. एक डबी आवाज खरखरीत करते, एक, डिले नावाची, त्याचे पडसाद उठवते, एक कॉम्प्रेसर नावाची असते, ती मोठा आवाज दाबते आणि बारीक आवाज वर उचलते. या डब्या मुकुल घरीच बनवायचा. सर्किट जमवायला हात तयार होताच, आणि डब्यांना डबे स्वयंपाकघरात आयते मिळत होते.

"जिऱ्याचा डबा कुठाय?" कस्तुरी विचारायची. कस्तुरी म्हणजे त्याची बायको, शाळेत गणित शिकवते.

"त्यात डिले बसवलाय."

"आणि जिरं?"

"कागदात बांधून ठेवलंय ना."

कस्तुरीने वीस वर्षांपूर्वीच हात टेकले होते. नवरा दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, नुसते डबे पळवतो, असं ती माहेरी सांगायची.

आता गंमत अशी की मुकुलला सतार शिकायचीच नव्हती. त्याला सतारीचा झणकार गिटारीतून काढून देणारी डबी बनवायची होती. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ब्रह्माघाटाच्या अंगाला राहणाऱ्या वेणीमाधवकाकांकडे तो मीटर आणि वायरींची पिशवी घेऊन गेला. काका म्हणजे त्या गल्लीतले सतारीचे जुने मास्तर, तेव्हा बहात्तरीचे, अंगाने काटकुळे आणि बोलायला तिखट. सतारीच्या भोपळ्याला वायर चिकटवू का, असं मुकुलने विचारल्यावर ते म्हणाले, "का रे? ताप बघायचाय का तिचा?" मग त्यांनी सतार मांडीवर घेतली, एक आघात केला आणि तार दांडीवरच्या पडद्यावर आडवी ओढत ओढत त्या एका आघातातून चार स्वर काढले. मुकुल मीटर चालू करायचं विसरला. पुढच्या गुरुवारी तो पिशवी न घेता गेला, आणि चाळिशीचा बाप्या खाली बसून सारेगरे सारेगरे घोटायला लागला.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या बोटांचे सांधे धरले. सतार खोळीत गेली. तेव्हापासून ते गाऊन शिकवायचे, मांडीवर ताल द्यायचे आणि चुकलं की उखडायचे. हळूहळू बाकीचे शिष्य गळाले. कुणी शहर सोडलं, कुणी म्हाताऱ्याच्या तोंडाला कंटाळलं. मुकुल तेवढा राहिला. प्रेमलाकाकू, म्हणजे काकांची बायको, त्याला म्हणायची, "तू येतोस म्हणून गुरुवारी हे दाढी तरी करतात."

अशातच दोन वर्षांपूर्वी मुकुलने धीर करून गंड्याचा विषय काढला. गंडा म्हणजे लाल धागा. गुरूने तो शिष्याच्या मनगटावर बांधायचा, गूळ-चणे भरवायचे, की झाला तो त्या घराचा. मग बनारसच्या कुठल्याही चौकात कुणीही विचारलं तरी ताठ मानेने नाव सांगता येतं. मुकुलला दुसरं काही नको होतं. मैफल नको, टाळ्या नकोत. सांगायला एक नाव पाहिजे होतं, आणि ते वेणीमाधवकाकांचंच पाहिजे होतं.

काका म्हणाले, "स्वर बरोबर आहे तुझा. लयही बरी आहे. पण आस नाही. आस ऐकू येईल त्या दिवशी बांधीन."

मुकुल खाली मान घालून जिना उतरला. आस नाही! मराठी घरातला माणूस, त्याने त्याचा अर्थ घेतला तो घरचाच. आपल्याला तळमळ नाही, ओढ नाही, आतून काही लागलेलंच नाही, असं काका म्हणाले. आणि खोटं काय होतं त्यात? आयुष्यभर डब्या जोडत बसलेला माणूस तो.

मग चार महिने मुकुल धामणकरने आस लावून घेतली. पहाटे उठून घाटावर डोळे मिटून बसला. चहा सोडला. एकभुक्त राहिला. गेलेल्या वडिलांना आठवून रडू येतंय का ते पाहिलं. एकदा थोडं आलं, पण नेमकं तेव्हाच माकडाने त्याची चप्पल पळवली. कस्तुरीने हे सगळं पाहिलं आणि शेवटी तिचा पारा चढला.

"कसली आस पाहिजे तुला? पोरगी बारावीला आहे, तिच्या निकालाची लाव!"

दर गुरुवारी तो वाजवायचा, काका डोळे मिटून ऐकायचे आणि डोळे उघडून म्हणायचे, "नाही रे."

हा घोटाळा सोडवला विष्णु मिस्त्रीने. विष्णु मिस्त्री सतारी दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाइकाला अक्कल शिकवणं हे त्याचं दुसरं काम आहे. तार बदलायला गेलेल्या मुकुलने त्याच्यापाशी मन मोकळं केलं, तर मिस्त्री हातातली कानस टाकून हसायलाच लागला. "अरे महाराज! आस माने गूँज! तार छेड़ी, उसके बाद जो बचा रहता है, वही आस. गुरुजी आपके दिल की बात नहीं कर रहे, आपके सितार की कर रहे हैं!"

म्हणजे आघातानंतर तारेत जो नाद उरतो, हळूहळू विरत जातो, त्याला सतारीचे लोक आस म्हणतात. सगळी मींड, ती तार ओढून स्वरावरून स्वरावर जाण्याची कला, त्या उरलेल्या नादातच करायची असते. आस संपली की ओढणार काय, कपाळ? मुकुलला आधी हायसं वाटलं, मग चार महिन्यांच्या बिनचहाच्या सकाळी आठवून स्वतःचीच भयंकर लाज वाटली. घरी जाऊन त्याने लागोपाठ दोन कप चहा प्यायला. का ते कस्तुरीला सांगितलं नाही.

पण आता प्रश्न त्याच्या हातातला झाला होता. नाद टिकत नाही ना? सिग्नल कमजोर आहे ना? अहो, सिग्नलसाठीच तर सरकार त्याला पोसत होतं! त्याने मिस्त्रीकडून घोडीची जवारी काढून घेतली. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. तिचा माथा नेमका घासला की नाद खुलतो, त्याला जवारी म्हणतात. मग तारा बदलल्या. बोटात चढवलेल्या नखीचा कोन बदलला. घरी सतारीला चिमटीएवढा माइक चिकटवून, लॅपटॉपला लावून, आघात किती वेळ टिकतो ते मोजलं. आधी पाच सेकंद होता. तो सहा झाला, सात झाला, दिवाळीनंतर नऊच्या घरात गेला. खोलीच्या दारात उभी राहून कस्तुरीसुद्धा एकदा म्हणाली, "किती वेळ वाजतंय रे ते. छान वाटतं."

गुरुवारी काका म्हणाले, "नाही. आघात येतो आणि पडतो. मागे काही उरत नाही."

मुकुल खट्टू झाला. मनातल्या मनात चिडलासुद्धा. नऊ सेकंद म्हणजे काय थट्टा आहे? पण काकांचा कान म्हणजे काकांचा कान, त्याच्यापुढे लॅपटॉपची काय मातब्बरी, असं म्हणून तो पुन्हा घोटायला बसला. असं आणखी एक वर्ष गेलं.

मग या चैत्रात काकांना एकोणऐंशी पूर्ण झाली. मुकुलने काकूकडून काकांची एक जुनी कॅसेट मिळवली, तीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या गणपतीत वाजवलेल्या यमनची. आपल्या यंत्रांमधून नेऊन त्याने तिच्यातली खरखर काढली, आवाज धुऊन पुसून लख्ख केला. कुणाचं आहे ते आधी सांगायचं नाही, काका ओळखतात का ते बघायचं, अशी त्याची गंमत होती. लहानसा स्पीकर त्याने काकांसमोर ठेवला आणि चालू केला.

सतार वाजायला लागली आणि मुकुलच्या अंगावर काटा आला. काय तो नाद! एकेक स्वर खोलीभर राहत होता, आणि तो विरायच्या आत बोट त्याला पुढच्या स्वरावर नेऊन ठेवत होतं.

काकांनी पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "हात तयार आहे. कोण रे हा? पण यालाही आस नाही. आजकाल कुणाच्याच सतारीला आस नाही."

मुकुलने स्पीकर बंद केला. "आहे एक... मुंबईकडचा," असं काहीतरी बरळला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला.

आत काकू भाजी चिरत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विळीवरचा हात थांबवला. "कळलं तुला," ती म्हणाली. "दीड-दोन वर्षं झाली रे. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. बोललेलं कळतं, दरवाजा वाजलेला कळतो. बारीक ते सगळं गेलं."

"सांगितलं का नाही त्यांना?"

"काय सांगू? कान गेला म्हणून? दुसरं काय उरलंय त्यांच्याजवळ?" काकूने पुन्हा भाजी चिरायला घेतली. "तू नको सांगूस."

घरी जाताना मुकुलच्या डोक्यात नुसता गोंधळ होता. दीड वर्ष! दीड वर्ष आपली आस होती आणि ती ऐकणारा कानच नव्हता. त्याला राग आला, आणि कुणावर धरावा ते कळेना. कारण सांगावं तर म्हातारा मोडून पडणार. न सांगावं तर आस कधी ऐकूच येणार नाही, गंडा कधी बांधला जाणार नाही, आणि एक दिवस काकाच राहणार नाहीत. बिननावाचा होता तसाच बिननावाचा मरणार मुकुल धामणकर.

तिसरा रस्ता त्याला त्याच्या डब्यांनी दाखवला. बारीक आवाज वर उचलणारी डबी म्हणजे कॉम्प्रेसर. सतारीला चिमटीएवढा माइक लावायचा, आवाज कॉम्प्रेसरमधून न्यायचा आणि काकांच्या उशालगत स्पीकर ठेवायचा. आघात होता तेवढाच राहील, आणि मागून विरत जाणारा नाद विरायच्याऐवजी फुगत फुगत काकांच्या कानापर्यंत पोचेल. ही लबाडी होती का? मुकुलने स्वतःशी बराच वाद घातला. आस तर खरीच आहे, आपण फक्त ती पोचवतोय, जशी खिडकी उघडावी तशी. पण असं आहे तर मग काकांना सरळ सांगत का नाहीस, असं त्याचंच मन विचारायचं.

गुरुवारी सकाळी तो सगळा संसार घेऊन गेला. "हे काय आणलंस?" काकांनी विचारलं.

"रेकॉर्ड करायचंय, काका. घरी ऐकायला."

"कर बाबा. तुझे ते डबे."

स्पीकर त्याने लोडाच्या मागे, काकांच्या डाव्या कानाशी ठेवला. काकू दारात येऊन उभी राहिली. तिला एका नजरेत सगळं कळलं असावं. मुकुलने सतार जुळवली, यमनचा गंधार लावला, एक आघात केला आणि वाट पाहिली.

काकांचे मिटलेले डोळे उघडले. त्यांनी मान तिरकी केली. नाद चालला होता. मुकुलने तार हळूच ओढली, गंधारावरून मध्यमावर नेली, तिथून पंचमावर, आणि तरी नाद होता. काकांचा हात नकळत वर आला आणि हवेतच राहिला.

"आली," ते म्हणाले. "अगं प्रेमला, आली! ऐकलंस? मी म्हणत होतो ना याला येईल म्हणून? गूळ-चणे आण. देवापाशी लाल धागा आहे तो आण. आत्ताच्या आत्ता!"

मुकुलचे डोळे भरून आले. आनंद होता, लाजही होती, आणि दोन्हीत फरक करायला सवड नव्हती. काकूने ताट आणलं. काकांनी आखडलेल्या बोटांनी धागा उचलला, मुकुलने सतार डाव्या हाताने कलती धरून उजवा हात पुढे केला. आणि इथे पंचवीस वर्षं यंत्रांत घालवलेला हा माणूस पहिल्याच धड्यातली गोष्ट विसरला. वाजवणं थांबलं की कॉम्प्रेसर थांबत नाही. उचलायला आवाज उरला नाही की जे मिळेल ते उचलत सुटतो. सतार स्पीकरकडे कलली होती. माइकने स्पीकरचाच आवाज उचलला आणि स्पीकरमधून शिट्टी फुटली, पातळ, तीक्ष्ण, कानाच्या आरपार जाणारी. काकूने ताट दाणकन खाली ठेवून दोन्ही कान झाकले. मुकुलने दात आवळले. खिडकीतली कबुतरं फडफडत उडाली.

काका धागा धरून तसेच बसले होते. त्यांनी काकूच्या कानांवरचे हात पाहिले. मुकुलचा वेडावाकडा चेहरा पाहिला. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

मुकुलने पायानेच डबी बंद केली.

"कसला आवाज झाला?" काकांनी विचारलं.

काकूने मुकुलकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. मुकुलला शंभर थापा सुचल्या. धागा मनगटापासून चार बोटांवर होता.

"शिट्टी झाली, काका," तो म्हणाला. "फार मोठी. खाली गल्लीत गेली असेल."

काकांनी धागा ताटात ठेवला. "ते डबे काढ," ते म्हणाले. "सगळे. आणि गंधार वाजव."

मुकुलने वायर काढली, माइक काढला. त्याने आघात केला. काकांनी डोळे मिटले, आणि एका क्षणात उघडले.

"संपला?"

"नाही, काका. आहे."

"आता?"

"आहे अजून."

काका त्याच्या तोंडाकडे बघत होते, तारेकडे नाही. "आता?"

"आहे... आहे... आता गेला."

काकूने पदर डोळ्यांना लावला. काका म्हणाले, "एवढी? बरीच आहे की रे. कधीपासून?"

मुकुलला खरं सांगायला जड गेलं. "दीड वर्ष झालं असेल."

"दीड वर्ष मी तुला नाही म्हणतोय." काकांचा आवाज चिरकला. "आणि तू गाढवासारखा येत राहिलास."

त्यांनी धागा पुन्हा उचलला. गाठ त्यांच्याच्याने बसेना, सांधे वळेनात. काकू पुढे झाली तर तिच्यावर डाफरले, "मी बांधतो!" तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली, ढिली, वाकडी. मग त्यांनी गुळाचा खडा मुकुलच्या तोंडात कोंबला आणि पाय आवरून ताठ बसले.

"चल, मींड घे. गंधारावरून पंचम. आणि तोंडाने बोलत जा, मला कळायला पाहिजे."

मुकुलने डोळे पुसले, आघात केला आणि तार ओढली.

"आहे?" काकांनी विचारलं.

"आहे, काका."